कोवळे आणि जून : शहरी स्वयंपाकघरातील ऋतुमान

मुंबई, पुणे, ठाणे, नाशिक यांसारख्या शहरांत भाजी आता बाराही महिने मिळते, आणि त्यामुळे रोजच्या स्वयंपाकात ऋतूचे स्थान केवळ सणावारापुरते उरले आहे, असा एक समज रूढ झाला आहे. तो अर्धाच खरा आहे. वनस्पतीचे एक वय असते: पावसाच्या पहिल्या सरींनंतर ती पाने धरते, पुढे फुलाफळावर येते, थंडीत दाणे भरते, आणि उन्हाळ्यात बी, कंद किंवा झाडावरचे फळ या रूपाने टिकून राहते. महाराष्ट्रातील घरगुती पाककृती बारकाईने पाहिल्या, तर त्यांतील बहुतेक रीती, म्हणजे कशात पीठ पेरायचे, कशात चिंच घालायची, कशावर झाकण ठेवायचे आणि कशावर ठेवायचे नाही, या वनस्पतीच्या त्या त्या वयातील गुणधर्मांना दिलेली उत्तरे आहेत, असे ध्यानात येते. भाजी कोणत्या महिन्यातली आहे, यापेक्षा ती कोवळी आहे की जून, तोडून तिला किती तास झाले आणि तिच्या अंगात पाणी किती आहे, हे प्रश्न चुलीपाशी अधिक महत्त्वाचे ठरतात. शेतकऱ्याकडून थेट घेतलेली भाजी आणि चार हातांतून आलेली भाजी यांतील फरक समजून घ्यायचा, तर त्याची सुरुवातही याच प्रश्नांपासून करावी लागते.

शहराकडे येणाऱ्या भाजीचा मुख्य मार्ग कृषी उत्पन्न बाजार समितीतून जातो. १९६३च्या राज्य कायद्याने या समित्यांची चौकट आखून दिली. शेतकऱ्याने माल बाजार आवारात आणावा, तेथे अडत्याने, म्हणजे विक्रीच्या रकमेवर ठरावीक टक्के घेऊन शेतकऱ्याच्या वतीने माल विकणाऱ्या मध्यस्थाने, तो घाऊक खरेदीदाराला विकावा, आणि तेथून तो किरकोळ विक्रेत्याकडे जावा, असा हा क्रम आहे. मुंबईचा घाऊक भाजीबाजार १९९०च्या दशकात शहरातून वाशीला हलला, तर पुण्याचा गुलटेकडीच्या मार्केट यार्डात आहे. आदल्या दिवशी तोडलेली मेथी रात्रभर टेम्पोतून येऊन पहाटे विकली जाते आणि सकाळी हातगाडीवर दिसते, म्हणजे घरी येईपर्यंत तिच्या आयुष्यातील बराच काळ प्रवासात संपलेला असतो. २०१६ साली राज्य शासनाने फळे व भाजीपाला या नियमनातून मोकळा केला आणि त्याच वर्षी संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजारांचे अभियान सुरू झाले. पंढरीच्या विठ्ठलाला आपल्या मळ्यातच पाहणाऱ्या अरणच्या या तेराव्या शतकातील संताचे नाव भाजीबाजाराला देण्यात औचित्य होते, हे मान्य करावे लागेल. अशा बाजारांत शेतकरी किंवा शेतकरी गट आठवड्यातील ठरलेल्या दिवशी शहरातील एखाद्या मोकळ्या जागेत माल आणून स्वतः विकतात.

शहरात भाजी कुठे विकली जावी, हा प्रश्न काही नवा नव्हे. पुण्यात शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या पटांगणावर उघड्यावर भरणारा भाजीबाजार १८८६ साली एका भव्य दगडी इमारतीत हलवण्यात आला आणि तिला तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव देण्यात आले. नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुले यांनी या इमारतीवरील खर्चाला विरोध केला होता. त्या पैशाची शिक्षणाला अधिक गरज आहे, अशी त्यांची भूमिका होती. पुढे हीच इमारत महात्मा फुले मंडई या नावाने ओळखली जाऊ लागली. शहराच्या स्मरणशक्तीचा हा नमुना मोठा मजेशीर आहे.

हंगामाची कल्पनाही वाटते तितकी सरळ नाही. टोमॅटो वर्षभर दिसतो, कारण तो एका शेतातला वर्षभराचा नसून अनेक पट्ट्यांतला आळीपाळीचा असतो. उन्हाळी पिकासाठी जुन्नर तालुक्यातील नारायणगावचा परिसर प्रसिद्ध आहे, तर पावसाळ्यानंतर नाशिक जिल्ह्यातील माल बाजार भरून टाकतो. मटार हे थंडीचे पीक, तरीही पुरंदर तालुक्याच्या उंच, थंड पठारी भागात तो पावसाळ्यात घेतला जातो आणि पुण्याच्या बाजारात भाद्रपदाच्या सुमारास येतो. कांद्याची तर वर्षात तीन पिके आहेत: खरिपाचा लाल कांदा, त्यानंतरचा रांगडा, आणि चैत्र-वैशाखात निघणारा रब्बीचा उन्हाळी कांदा. यांपैकी उन्हाळी कांदाच कांदाचाळीत चार-सहा महिने टिकतो, कारण त्याची मान नीट वाळून बंद होते आणि बाहेरचे पापुद्रे कोरडे होऊन आतला ओलावा राखतात. खरिपाच्या कांद्यात पाणी अधिक असल्याने तो साठवण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. तेव्हा एखादी भाजी हंगामी की बिगरहंगामी, या प्रश्नाचे उत्तर ‘कुठली?’ या प्रश्नावाचून देता येत नाही, आणि आठवडे बाजाराचा खरा फायदा हाच, की तेथे हा प्रश्न विचारता येतो व त्याचे उत्तर देणारा माणूस समोर असतो.

पानांचा हंगाम मृगाच्या पावसाबरोबर सुरू होतो. त्याची सर्वांत ठळक खूण शहराच्या अधिकृत बाजारात नव्हे, तर रेल्वे स्थानकांच्या बाहेर दिसते. पालघर, शहापूर, मुरबाड, कर्जत या भागांतील वारली, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी समाजांतील स्त्रिया पहाटेच्या गाडीने ठाणे, दादर, बोरिवली, कल्याण येथे येतात आणि पळसाच्या किंवा सागाच्या पानांवर रानभाज्यांचे वाटे मांडतात. हे वाटे वजनावर विकले जात नाहीत. अंदाजाने केलेल्या ढिगांना ठरावीक दर असतो. शेवळा, टाकळा, कुर्डू, फोडशी, कवळा, भारंगी, कोरल अशी ही नामावळी आहे. यांतील प्रत्येक भाजी दोन-चार आठवड्यांचीच पाहुणी असते, कारण तिचा खाण्याजोगा भाग हा वनस्पतीच्या वाढीतला एक लहानसा टप्पा असतो. टाकळ्याची पाने दोन-तीन आठवड्यांची असतानाच चांगली लागतात. रोप उंच होऊन पिवळ्या फुलांवर आले, की ती उग्र आणि चोथट होतात. कोकणात आणि गोव्यात टाकळ्याच्या भाजीत फणसाच्या आठळ्या घालतात. उन्हाळ्यात फणस संपताना राखेत किंवा मातीत जपून ठेवलेल्या आठळ्या नेमक्या याच दिवसांत हाताशी असतात, आणि पिठूळ आठळीमुळे टाकळ्याचा उग्रपणा बोथट होतो.

शेवळा हे या सर्वांत अभ्यासण्यासारखे उदाहरण. सुरणाच्या कुळातील ही वनस्पती. पहिल्या पावसाच्या आगेमागे तिचा फुलोरा पानांच्या आधी जमिनीतून वर येतो, आणि भाजी होते ती या फुलोऱ्याची. सुरण, अळू आणि शेवळा या एकाच कुळातील वनस्पतींच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. हे स्फटिक जिभेला आणि घशाला टोचतात, व त्यांच्या जोडीने असणारे दाहक घटक ती खाज वाढवतात, असे मानले जाते. त्यावर घरोघरचा उपाय दुहेरी आहे: भरपूर वेळ शिजवणे आणि आंबट घालणे. शेवळ्यासाठी हे आंबट म्हणून काकड नावाच्या रानझाडाची लहान, हिरवी, तुरट-आंबट फळे वापरतात, आणि शेवळ्याच्या वाट्याशेजारीच त्या बायका काकडांचाही वाटा ठेवतात. पाककृती आणि तिचे रसायनशास्त्र असे एकाच पानावर विकायला ठेवलेले असते. शेवळा निवडताना बाहेरचे आवरण आणि आतल्या दांड्याचा पिवळट, दाणेदार भाग काढून टाकावा लागतो, कारण खाज तेथे अधिक असते. चांद्रसेनीय कायस्थ प्रभू आणि पाठारे प्रभू घरांत ही भाजी सोड्यांबरोबर, कोलंबीबरोबर किंवा खिम्याबरोबर करण्याची पद्धत आहे. फुलोराच खुडला गेल्याने बी धरत नाही, ही गोष्ट मात्र शहरात या भाजीची मागणी वाढत असताना दुर्लक्षिण्यासारखी नाही. अलीकडच्या वर्षांत कृषी विभागातर्फे भरणाऱ्या रानभाजी महोत्सवांमुळे या भाज्यांची ओळख वाढली, ती किती टिकाऊ पद्धतीने गोळा होतात याची चर्चा त्या मानाने कमी झाली.

रानभाज्यांच्या बाबतीत आणखी एक पथ्य सांगितले पाहिजे. त्या ओळखीच्या गोळा करणाऱ्याकडूनच घ्याव्यात, आणि मोबाइलवरच्या छायाचित्राशी ताडून डोंगरावरून स्वतः खुडून आणण्याचा उत्साह टाळावा. त्याच पावसात, त्याच उतारांवर कळलावीसारख्या विषारी वनस्पतीही उगवतात, आणि काही रानकंद वारंवार उकळून पाणी फेकल्यावाचून खाण्यालायक होत नाहीत. हे ज्ञान पिढ्यांच्या सरावाचे आहे, त्याला पर्याय नाही.

अळूचे फदफदे ही शेवळ्याच्याच रसायनशास्त्राची पुण्या-मुंबईच्या पांढरपेशा स्वयंपाकघरातील आवृत्ती होय. पाने व सोललेले देठ चिरून शिजवायचे, घोटायचे, त्यात भिजवलेली हरभरा डाळ, शेंगदाणे, मुळ्याच्या चकत्या, खोबऱ्याचे काप घालायचे, आणि चिंच-गूळ लावायचा. अळूबरोबर आंबट चुक्याची एक जुडी घ्यावी, असे भाजीवाली न विचारताही सुचवते, आणि तिचा सल्ला व्यापारी असला तरी शास्त्रीयही असतो. अळू चिरताना हाताला तेल किंवा चिंचेचा कोळ लावण्याची रीत, वडीच्या पिठात न चुकता घातली जाणारी चिंच, आणि ऋषिपंचमीच्या भाजीतील अंबाडे किंवा ताक यांचा खुलासाही तोच आहे. ऋषिपंचमीला, म्हणजे भाद्रपद शुद्ध पंचमीला, बैलाच्या श्रमावर पिकलेले काही खायचे नाही, असा नियम आहे. त्यामुळे परसात, बांधावर, कुंपणावर वाढलेले अळू, सुरण, भोपळा, शिराळे, माठाचे देठ, मक्याचे कणीस यांची एकत्र भाजी होते. व्रत म्हणून तिच्याकडे पाहणारे पाहतातच, परंतु पावसाळ्यातील परसबागेची ती जवळजवळ संपूर्ण यादी आहे, हे वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही पटेल.

पावसाळी पालेभाजीत पाणी फार, हा तिचा दुसरा गुणधर्म. एका मोठ्या जुडीची शिजून मूठभर भाजी होते, म्हणूनच पालेभाजीत मीठ शेवटी घालतात: कच्च्या ढिगाच्या अंदाजाने घातलेले मीठ आक्रसलेल्या भाजीत खारट होते, शिवाय मीठ पेशींतले पाणी ओढून बाहेर काढते, ते वेगळेच. या सुटलेल्या पाण्याचे काय करायचे, याची मराठी स्वयंपाकात दोन उत्तरे आहेत. एक म्हणजे पीठ पेरणे. भाजीला अंगचे पाणी सुटू लागले, की त्यावर कोरडे बेसन भुरभुरवून वाफ आणायची. पिठातला स्टार्च ते पाणी शोषून फुगतो, भाजी मोकळी होते आणि भाकरीबरोबर उचलता येते. दुसरे उत्तर भिजवलेली मूग किंवा हरभरा डाळ घालणे, ज्यात तेच पाणी डाळ शिजवण्यास उपयोगी पडते. कुर्डू, फोडशी, माठ, राजगिरा या साऱ्यांना या दोन रीती लागू पडतात. फोडशीच्या बुंध्याकडचा पांढरा, चिवट भाग काढला आणि कांदा सढळ हाताने घातला, की बाकी काही अवघड उरत नाही.

पालेभाजी झाकून शिजवावी की उघडी, यावर घरोघरी मतभेद आढळतात आणि त्यामागेही कारण आहे. पानांचा हिरवा रंग ज्या हरितद्रव्याचा असतो, त्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा अणू असतो. शिजताना पेशी फुटतात, त्यांतली आम्ले बाहेर येतात आणि या मॅग्नेशियमला हुसकावून लावतात. रंग मळकट, शेवाळी होतो. यांतील काही आम्ले वाफेबरोबर उडून जाणारी असल्याने उघड्या कढईत, मोठ्या आचेवर, झटपट परतलेली मेथी हिरवीगार राहते, आणि झाकून ठेवलेली काळवंडते. रंग राखण्यासाठी चिमूटभर सोडा घालण्याची उपाहारगृही युक्ती मात्र घरी टाळावी, कारण सोड्याने रंग टिकला तरी ब१ आणि क ही जीवनसत्त्वे झपाट्याने नष्ट होतात आणि भाजी गिळगिळीत होते.

आंबटाचा एक तोटाही पाककृतींना ठाऊक आहे. भाज्यांच्या आणि डाळींच्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या चिकट पदार्थाने जोडलेल्या असतात आणि शिजणे म्हणजे मुख्यतः हे पेक्टिन विरघळणे. आम्लात ते सहजी विरघळत नाही. म्हणून आमटीत चिंच किंवा आमसूल डाळ पूर्ण शिजल्यावरच घालतात, आणि आधी घातले तर डाळ कुकरमध्येही बोटचेपी राहते. कूपनलिकेच्या जड पाण्यातील कॅल्शियमही पेक्टिनला घट्ट करते, म्हणून अशा पाण्याच्या टँकरवर चालणाऱ्या उपनगरांत डाळ शिजत नसल्याची तक्रार पुष्कळदा डाळीची नसून पाण्याची असते. अंबाडीची भाजी हा या नियमाचा उत्तम नमुना आहे. अंबाडीची पाने मुळातच आंबट. म्हणून तिच्यात घालायची तूरडाळ आणि ज्वारीच्या किंवा तांदळाच्या कण्या वेगळ्या शिजवून मग एकत्र घोटतात, थोडा गूळ घालतात आणि वरून लसणाची चरचरीत फोडणी देतात. ती फोडणी केवळ चवीपुरती नसते: पालेभाज्यांतील कॅरोटीन तेलाच्या सोबतीनेच शरीरात नीट शोषले जाते, त्यामुळे बिनतेलाच्या उकडलेल्या पाल्यापेक्षा पळीभर तेलातली भाजी अधिक गुणाची ठरते.

श्रावण-भाद्रपदात पानांबरोबर वेलींची फळे येतात. पडवळ, दोडका, घोसाळे, दुधी, कारली, काकडी, तांबडा भोपळा, तोंडली ही सारी मांडवावर किंवा कुंपणावर चढणारी, चिखलापासून उचललेली फळे आहेत. याच काळात जमिनीलगतच्या पालेभाज्यांवर चिखल उडतो, त्या सडतात आणि लवकर किडतात. त्यामुळे पावसाळी ताटात वेलभाज्यांचा भरणा असणे हे भौगोलिकदृष्ट्या अपरिहार्यच आहे. रानातली करटुली, जिला मुंबईकडे कंटोळी म्हणतात, ती या मंडळींची मानाची पाहुणी. तिचे नर आणि मादी वेल वेगवेगळे असतात आणि जमिनीतल्या कंदातून दर पावसाळ्यात ते नव्याने फुटतात, त्यामुळे तिची लागवड इतर वेलभाज्यांइतकी सोपी नाही, आणि तिचा भाव कधीही दोडक्याइतका खाली येत नाही.

या फळभाज्यांसाठी जी रीत वापरतात ती पाहता क्षणी साधी वाटते, प्रत्यक्षात फार हुशारीची आहे. कढईवर खोलगट ताटली ठेवून तिच्यात पाणी घालायचे. ताटलीचा तळ पाण्यामुळे थंड राहतो, आतली वाफ त्याला लागून द्रवरूप होते आणि थेंबाथेंबाने पुन्हा भाजीत पडते. भाजी स्वतःच्याच पाण्यात शिजते, जळत नाही, चवही पातळ होत नाही. आणि पाणी कमी पडलेच, तर ताटलीतले तापलेले पाणी ओतता येते, ज्यामुळे शिजण्यात खंड पडत नाही. दोडक्याच्या शिरा आणि दुधीची साल फेकून न देता तीळ-खोबऱ्याबरोबर भाजून चटणी करण्याची प्रथा हीदेखील ताज्या मालाशीच जोडलेली आहे. कोवळ्या दोडक्याच्या शिरा कुरकुरीत होतात, जून दोडक्याच्या दातांत अडकतात, आणि जुनाट माल आणणाऱ्या घरात म्हणूनच ही चटणी हळूहळू बंद पडते.

मार्गशीर्ष-पौषात स्वयंपाकघराचा रंग पालटतो, कारण आता वनस्पती दाणे भरू लागलेली असते. मटार, पावटा, ओला वाल, ओली तूर, हरभऱ्याचे सोलाणे, ज्वारीचा हुरडा, ओल्या शेंगदाण्याच्या शेंगा: हा कोवळ्या बियांचा हंगाम आहे. अशा बीमध्ये साखर असते आणि पक्व होताना तिचे स्टार्चमध्ये रूपांतर होते. हे रूपांतर तोडल्यानंतरही थांबत नाही, उबेत तर ते वेगाने होते. सकाळी तोडलेला मटार संध्याकाळी गोड लागतो आणि दोन दिवस पोत्यात राहिलेला पिठूळ, याचे कारण हेच. थेट शेतातून आलेल्या मालाचा फरक पालकात किंवा बटाट्यात कदाचित कुणाला ओळखू येणार नाही. मटार, मका आणि सोलाण्यांत तो डोळे मिटूनही कळतो. आठवडे बाजारात चार पैसे अधिक मोजावेत, तर ते या दाण्यांसाठी. हुरड्याला तर शहरात आणून अर्थच उरत नाही; गूळभेंडीसारख्या वाणाचे कणीस शेतातच गोवऱ्यांच्या आरावर भाजून, तळहातावर चोळून खायचे असते.

रायगड जिल्ह्यात भातकापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर वाल घेतात. त्याच्या शेंगा भरल्या, की मडक्यात भांबुर्डीचा पाला, शेंगा, ओवा आणि जाड मीठ यांचे थर देऊन मडके पालथे घालतात आणि भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ करतात. हीच पोपटी. तिच्यात पाण्याचा थेंब नसतो. शेंगांच्या आणि पाल्याच्या अंगच्या ओलाव्यावर सारे शिजते. भोगीच्या दिवशी, मकरसंक्रांतीच्या आदल्या दिवशी, होणारी मिसळीची भाजी शहरातही टिकून आहे: सोलाणे, पावटा, ओले शेंगदाणे, गाजर, वांगी, कुठे बोरे आणि उसाचे करवे, त्यावर तिळाचे कूट, आणि सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. बाजरीत लोह पुष्कळ असते, परंतु वनस्पतिजन्य लोह शरीरात सहज शोषले जात नाही. क जीवनसत्त्वाच्या जोडीने ते शोषण वाढते. जेवताना पिळलेले लिंबू किंवा नंतर खाल्लेला पेरू या दृष्टीने फार उपयोगाचा ठरतो.

वांग्याचे प्रकरण स्वतंत्र आहे. अनेक घरांत चातुर्मासात वांगे वर्ज्य असते आणि खंडोबाच्या भक्तांकडे मार्गशीर्षातील चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून ते पुन्हा सुरू होते. शेंडे आणि फळे पोखरणारी अळी दमट, उबदार हवेत फोफावते, ही गोष्ट या वर्ज्यतेच्या पाठीशी असेलही. तसा पुरावा कोणत्या व्रतकथेत सापडणार नाही. थंडीतील वांग्याचा खरा मान खानदेशात. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे त्या नावावर त्या विशिष्ट भूभागातील उत्पादकांचा हक्क कायद्याने मान्य झाला. हे वांगे फिकट हिरवे, मोठे, कमी बियांचे असते. ते कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर भाजतात, बडगी नावाच्या लाकडी भांड्यात ठेचतात, आणि हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे यांच्या फोडणीत टाकून कळण्याच्या पुरीबरोबर वाढतात. शहरी गॅसच्या शेगडीवर भाजलेल्या जांभळ्या वांग्याला तो धुरकट वास येत नाही, हे कबूल करूनही हिवाळ्यातले ताजे वांगे कोणत्याही आचेवर बऱ्यापैकी भरीत देतेच.

आठवड्याची खरेदी एकदम करणाऱ्या शहरी कुटुंबासाठी भाजीचे वय हाच क्रमही ठरवते. पाने श्वसन जलद करतात, म्हणजे साठलेली साखर जाळून उष्णता आणि पाणी बाहेर टाकतात, म्हणून मेथी, पालक, चाकवत, कोथिंबीर यांचा नंबर पहिल्या दोन दिवसांत लागला पाहिजे. त्यानंतर शेंगा आणि दाणे, मग कोबी, गाजर, मुळा, आणि शेवटी सुरण, भोपळा, कांदा, बटाटा. शीतकपाट हा सर्वांवरचा उपाय नव्हे. वांगी, काकडी, टोमॅटो या उष्ण प्रदेशांतील फळांना दहा अंश सेल्सिअसखालची थंडी बाधते. त्यांच्यावर खड्डे पडतात, टोमॅटोचा स्वाद मरतो. केळी आणि पिकलेली फळे इथिलीन नावाचा वायू सोडतात, त्यामुळे त्यांच्याशेजारी ठेवलेली कोथिंबीर लवकर पिवळी पडते. जुडी निवडून, कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवावी आणि धुवावी मात्र चिरण्यापूर्वी, हा जुना शिरस्ता आजही तितकाच बिनचूक आहे. चिरल्यानंतर धुतलेल्या भाजीतील पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे मोरीत जातात.

फाल्गुनानंतर पाने दुर्मीळ होतात. चाकवताची ताकातली पातळ भाजी संपते, मुळे फुलावर येऊन त्यांच्या डिंगऱ्या बाजारात दिसू लागतात, आणि झाडांचा काळ सुरू होतो: शेवग्याच्या शेंगा, कैरी, कोवळ्या फणसाची कुयरी, कोकणातून येणारे ओले काजूगर. कुयरी चिरताना निघणारा चीक तेल लावलेल्या हातानेच आवरतो, कारण तो पाण्यात विरघळत नाही. ओल्या काजूच्या सालीतले तेल तर कातडी भाजून काढते, त्यामुळे सोललेल्या गरांना जो भाव पडतो त्यात सोलणारीच्या बोटांची किंमत धरलेली असते. अलिबागचा पांढरा कांदा, ज्याला २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळाले, याच दिवसांत वेण्या बांधून विकायला येतो. तो कमी तिखट आणि गोडसर, म्हणून कच्चा खाण्यास उत्तम. त्याच्या पाठोपाठ उन्हाळी लाल कांद्याची गोणी घरात येते. तिला हवा लागेल अशी जागा मिळाली, तर ती पावसात पुष्कळ दिवस पुरते. बटाट्यांच्या शेजारी, बंद कपाटात ठेवली, तर आषाढातल्या कांदेनवमीपर्यंतच निम्म्या कांद्यांना कोंब फुटलेले असतात.

वाळवणे हा उन्हाळ्याचा शेवटचा उद्योग, आणि शहराने सर्वांत आधी सोडलेलाही तोच. गवार ताकमिठात बुडवून, मिरच्या दही-मेथ्यांच्या मसाल्याने भरून, कोहळ्याचा कीस डाळीच्या वाटणात मिसळून त्याचे सांडगे घालून वाळवतात. पदार्थातील मोकळे पाणी इतके कमी करायचे, की बुरशी आणि जिवाणू वाढूच नयेत, एवढेच यामागचे तत्त्व. मीठ आणि ताकातले आम्ल, माल पुरता वाळेपर्यंतच्या दोन-तीन धोक्याच्या दिवसांत राखण करतात. त्यासाठी कडक ऊन, कोरडी हवा आणि मोकळी गच्ची लागते. मुंबईच्या दमट हवेत आणि सज्जा बंद करून घेतलेल्या सदनिकांत यांपैकी ऊन तेवढे थोडेफार मिळते. परिणामी सांडगे आणि भरल्या मिरच्या आता महिला बचतगटांकडून पाकिटात विकत येतात, आणि पुण्याच्या आठवडे बाजारांत मे महिन्यात अनेकदा ताज्या भाजीच्या टेबलांशेजारी याच पाकिटांचे टेबल मांडलेले असते.